हललेला, धूसर फोटो सॉफ्टवेअरने सावरताना: आधी निदान, मग क्रम, धार सगळ्यात शेवटी

‘हा फोटो जरा एचडी करून द्या’ अशी मागणी येते तेव्हा त्या फोटोवर बहुतेक वेळा आधीच प्रयोग झालेले असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली प्रत उघडलेली असते, कुठल्यातरी ॲपमध्ये शार्पनेसची, म्हणजे धारेची, पट्टी शेवटपर्यंत ओढलेली असते आणि तोच फोटो पुन्हा सेव्ह झालेला असतो. अशा फोटोत चेहऱ्याभोवती पांढरी कड दिसते, गालावर वाळू पसरल्यासारखे दाणे दिसतात आणि मूळ धूसरपणा जिथल्या तिथे असतो.

चुकतं ते सॉफ्टवेअरच्या निवडीत नव्हे, क्रमात. खाली दिलेला क्रम फुकट मिळणाऱ्या गिंप, रॉथेरपी आणि डार्कटेबलमध्ये चालतो, फोटोशॉपमध्येही चालतो. उदाहरणं मुद्दाम घरगुती घेतली आहेत: लग्नात हललेला फोटो, आजीचा एकुलता एक जुना फोटो, फ्रेमसाठी मोठा करायचा ग्रुप फोटोतला चेहरा.

## १. फाइल मिळवा, मग सॉफ्टवेअर उघडा

निम्मं काम इथेच होतं आणि लोक नेमकं हेच टाळतात.

मूळ फाइल मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि जेपेगचं दाबणं वाढतं. एचडी पर्याय निवडला तर नुकसान कमी होतं, पण होतंच. ज्याच्या मोबाइलमध्ये फोटो काढला गेला त्याला फोन करा आणि तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून, ईमेलने किंवा ड्राइव्हच्या लिंकने पाठवायला सांगा. आत्येभावाला फोन करण्याचा कंटाळा करून रात्रभर धार लावत बसणारी माणसं मी पाहिली आहेत.

आधीचा-नंतरचा फोटो आहे का ते विचारा. लग्नात एकच फोटो सहसा कोणी काढत नाही. त्याच क्षणाचे आणखी दोन-तीन असतात आणि त्यातला एखादा कमी हललेला असतो. आयफोनवर लाइव्ह फोटो असेल तर ‘एडिट’मध्ये जाऊन त्यातली दुसरी फ्रेम निवडता येते. ती फ्रेम थोडी कमी दर्जाची असली तरी हललेल्या फ्रेमपेक्षा बरी.

कागदी फोटो असेल तर स्कॅन करा. मोबाइलच्या स्कॅनर ॲपने काढलेली प्रत चालणार नाही. ती ॲप्स स्वतःच धार लावतात आणि कॉन्ट्रास्ट वाढवतात. साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर ४ × ६ इंची फोटो ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात. पासपोर्ट आकाराचा, म्हणजे ३५ × ४५ मिलिमीटरचा फोटो १२०० ला घ्या. साध्या रंगीत प्रिंटमध्ये ६०० च्या वर गेल्याने नवीन तपशील सहसा हाती लागत नाही, फाइल तेवढी फुगते. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं शार्पन, ऑटो कलर, धूळ काढणं हे सगळं बंद ठेवा. टिफ (जेपेगसारखा तपशील न गमावणारा फाइलचा प्रकार) मिळत असेल तर टिफ घ्या. आणि घरात निगेटिव्हचं पाकीट असेल तर आधी ते शोधा. निगेटिव्हमध्ये प्रिंटपेक्षा जास्त माल असतो.

दाणेदार ‘सिल्क’ कागदावरचे फोटो स्कॅन केल्यावर जाळीसारखे चमकतात. त्यावर उपाय असा: एकदा सरळ स्कॅन करा, मग फोटो काचेवर १८० अंश फिरवून पुन्हा स्कॅन करा. दुसरी प्रत संगणकावर सरळ करून पहिलीवर नीट बसवा आणि वरच्या लेयरची (थराची) ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, ५० टक्के ठेवा. कागदाच्या पोतावरची चमक दोन्ही स्कॅनमध्ये उलट बाजूंना पडते, त्यामुळे बरीचशी एकमेकीत जिरते.

सावधान: कोकणात, मुंबईत पावसाळी दमटपणाने जुने फोटो फ्रेमच्या काचेला चिकटतात. ते ओढून काढू नका, चेहऱ्याचा थर काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करा.

प्रत करा. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. काम सुरू करताच गिंपमध्ये एक्ससीएफ किंवा फोटोशॉपमध्ये पीएसडी म्हणून सेव्ह करा आणि ‘इमेज’ मेनूतून १६ बिट निवडा. जेपेग उघडायचा, थोडं काम करायचं, जेपेग म्हणूनच सेव्ह करायचा आणि उद्या पुन्हा तोच उघडायचा, या पद्धतीने प्रत्येक फेरीत थोडा फोटो जातो.

स्क्रीनचा नाइट मोड बंद करा. फोटो १०० टक्के झूमवर बघायची सवय लावा. ‘फिट’ झूमवर धार कमी वाटते, म्हणून हात जास्त चालतो.

## २. फोटो कशामुळे बिघडला ते ओळखा

‘ब्लर’ या एका शब्दाखाली पाच वेगळे आजार येतात आणि त्यांची औषधं वेगळी आहेत. १०० किंवा २०० टक्के झूम करून फोटोतल्या बारीक चमकत्या ठिपक्यांकडे बघा: कानातली कुडी, डोळ्यातली उजेडाची टिकली, माळेतले दिवे, स्टीलच्या ताटाची कड.

- ठिपक्यांच्या रेघा झाल्या आहेत आणि सगळ्या फोटोभर त्या एकाच दिशेला आहेत? कॅमेरा हलला.
- भिंत, खुर्ची, मागचं तोरण स्पष्ट आहे, फक्त हार घालणारा हात फराटा झालाय? माणूस हलला.
- ठिपक्यांच्या गोल चकत्या झाल्या आहेत? फोकस चुकला. अशा वेळी पुढची किंवा मागची एखादी वस्तू बहुतेक स्पष्ट सापडते. नवरीऐवजी पुढचा माइक लख्ख आलेला असतो.
- ठिपका मधोमध बऱ्यापैकी आहे पण भोवती धुकं आहे, काळा रंग राखाडी दिसतो? लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा होता.
- जवळून पाहिल्यावर चौकोन दिसतात? जेपेगचं दाबणं. हे चौकोन ८ × ८ पिक्सेलचे असतात. आणि त्वचा, केस जलरंगात रंगवल्यासारखे सपाट दिसत असतील तर मोबाइलने अंधारात दाणे पुसताना तपशीलही पुसला आहे.

एकाच फोटोत दोन आजार असणं नेहमीचंच. मंगल कार्यालयातल्या संध्याकाळच्या फोटोत हलणं आणि दाणे जोडीने येतात. मूळ फाइल असेल तर तिच्या माहितीत शटरचा वेग बघा: १/१५ किंवा १/३० सेकंद दिसला की हलण्याचा संशय पक्का. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेल्या प्रतीत ही माहिती उरलेली नसते.

तपासणी: पुढे जाण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: ‘कॅमेरा हलला, तिरका, वर दाणे.’ ही ओळ लिहिता येत नसेल तर निदान झालेलं नाही.

## ३. वाचण्यासारखा आहे का, हे मोजा

गिंपमध्ये मेझर आणि फोटोशॉपमध्ये रुलर नावाचं साधन आहे. १०० टक्के झूमवर एखाद्या हललेल्या ठिपक्याची रेघ त्याने मोजा. लांबी पिक्सेलमध्ये आणि कोन अंशात मिळतो. कोन लिहून ठेवा, पुढे लागेल. फोकस चुकला असेल तर चकतीचा व्यास मोजा.

माझा अंदाज असा चालतो: ३-४ पिक्सेलपर्यंत फोटो चांगला सावरतो. ८-१० पिक्सेलपर्यंत छोट्या प्रिंटपुरता सावरतो. २० च्या पुढे गेला तर सॉफ्टवेअर जे दाखवेल ते त्याने स्वतः काढलेलं चित्र असेल.

इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: फोटो लहान करणं हाच सगळ्यात प्रामाणिक उपाय आहे. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइल फोटोची लांब बाजू ४००० पिक्सेल असते. ४ × ६ इंची प्रिंटला ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) १८०० पिक्सेल पुरतात. म्हणजे फोटो साधारण २.२ पट लहान होतो आणि ६ पिक्सेलची हललेली रेघ २.७ वर येते. काहीही न करता अर्धा आजार गेला. तोच फोटो १२ × १८ इंची करायचा हट्ट धरला तर ५४०० पिक्सेल लागतात, फोटो ताणावा लागतो, स्टुडिओवाल्यांच्या भाषेत तो ‘फाटतो’, आणि धूसरपणाही त्याच पटीत वाढतो.

म्हणून फोटो कुठे लागणार, किती मोठा लागणार, हे आत्ताच ठरवा. चौकातल्या फ्लेक्सचं गणित वेगळं आहे. तो लांबून बघायचा असतो आणि ३०० पीपीआय तिथे कोणी मागत नाही.

माणूस हलला असेल तर अपेक्षा कमी ठेवा. फक्त हात फराटा असेल तर तो तसाच राहू द्या. अक्षता टाकणाऱ्या हाताला हलण्याचा हक्क आहे.

## ४. क्रम

हा क्रम कागदावर उतरवून ठेवा:

१. दाणे
२. धूसरपणावरचा उपचार
३. लागलाच तर एआय
४. उजेड, कॉन्ट्रास्ट, रंग
५. क्रॉप आणि अंतिम माप
६. त्या मापाला लागणारी हलकी धार
७. सेव्ह

धार दोनदा येते, पण दोन्ही वेळचं काम वेगळं. दुसऱ्या पायरीत झालेलं नुकसान भरून काढायचं असतं. सहाव्या पायरीत कागदासाठी किंवा स्क्रीनसाठी शेवटचा हात फिरवायचा असतो. या दोन्ही एकाच पट्टीने, सुरुवातीलाच करायला गेलं की फोटो बिघडतो. दाणे काढण्याआधी धार लावली तर दाण्यांनाच धार येते आणि मग ते पुसताना चेहराही पुसला जातो.

फोटो किंचित सरळ करायचा असेल तर तो पाचव्या पायरीत करा. कोन बदलला की प्रत्येक पिक्सेल नव्याने मोजला जातो आणि फोटो थोडा मऊ होतो. शिवाय लिहून ठेवलेला हलण्याचा कोनही बदलतो.

## ५. दाणे: अर्धेच काढा

रॉ फाइल (कॅमेऱ्याने जेपेग करण्याआधीची कच्ची नोंद) असेल तर दाणे रॉ सॉफ्टवेअरमध्येच काढा, लाइटरूमचं डीनॉइज किंवा डार्कटेबलचं डीनॉइज प्रोफाइल्ड वापरून. जेपेगसाठी गिंपमध्ये ‘फिल्टर्स’ → ‘एन्हान्स’ → ‘नॉइज रिडक्शन’ आहे. ताकद १ किंवा २ वर ठेवा.

रंगाचे दाणे, म्हणजे काळ्या केसांत दिसणारे लाल-हिरवे ठिपके, निःसंकोच पूर्ण काढा. उजेडाचे दाणे मात्र अर्धेच काढा. थोडे दाणे राहिले तर डोळ्याला फोटो उलट जास्त स्पष्ट वाटतो, आणि पुढच्या पायरीत सॉफ्टवेअरला धरायला काहीतरी शिल्लक राहतं.

तपासणी: भुवया आणि साडीचा काठ बघा. भुवयांचे केस वेगळे दिसेनासे झाले असतील तर मागे या.

## ६. धूसरपणावरचा उपचार

इथून पुढे प्रत्येक गोष्ट लेयरची डुप्लिकेट करून त्यावर करायची. खालचा लेयर तसाच राहू द्या.

### फोकस थोडा चुकला असेल

यासाठी अनशार्प मास्क (नाव उलटं वाटलं तरी हे धार लावण्याचं नेहमीचं फिल्टर) हे पहिलं हत्यार नाही. तो कडेच्या दोन्ही बाजूंचा फरक वाढवतो, एवढंच. पसरलेला उजेड मूळ जागी परत नेण्याचा प्रयत्न करतं ते डीकॉन्व्होल्यूशन. रॉथेरपीमध्ये जेपेगही उघडतो. तिथे ‘डिटेल’ टॅबमध्ये ‘शार्पनिंग’ चालू करा, पद्धत ‘आरएल डीकॉन्व्होल्यूशन’ निवडा. हा बदल १०० टक्के झूमवरच दिसतो. पूर्ण फोटो समोर ठेवून ‘काहीच होत नाही’ म्हणत पट्ट्या ओढत बसू नका.

सुरुवात रेडियस (परिणाम किती पिक्सेलपर्यंत पसरतो ते माप) ०.७५ आणि आवर्तनं (इटरेशन्स) ३० पासून करा. रेडियस दर वेळी ०.१ ने वाढवा. एका क्षणी डोळ्याच्या बुबुळाभोवती दुसरी बारीक कड उमटते, पाण्यात खडा टाकल्यावर उठणाऱ्या वलयासारखी. तिथून दोन पावलं मागे या. तेच तुमचं रेडियस. गिंपमध्येच राहायचं असेल तर जी-मिक हे प्लगइन टाकून घ्या. त्यात ‘रिचर्डसन-ल्यूसी’ नावाने हीच पद्धत आहे. फोटोशॉपमध्ये ‘स्मार्ट शार्पन’ उघडून ‘रिमूव्ह’मध्ये ‘लेन्स ब्लर’ निवडा. तिथे ‘गॉशियन’ ठेवून दिलं तर ते साध्या अनशार्पसारखंच वागतं.

### कॅमेरा हलला असेल

लिहून ठेवलेला कोन आता काढा. ‘स्मार्ट शार्पन’मध्ये ‘मोशन ब्लर’ निवडून तो कोन द्या. रेडियस मोजलेल्या रेघेच्या साधारण निम्म्यापासून सुरू करून वाढवत जा. कडा दुहेरी झाल्या तर कोनाचं चिन्ह उलटं करून पाहा.

हे सरळ रेघेलाच लागू पडतं. हातात धरलेला मोबाइल कधी हुकासारखा, कधी टिकमार्कसारखा हलतो आणि ठिपक्याचाही तसाच वाकडा आकार होतो. तो आकार स्वतः ओळखून उलटवण्याचा प्रयत्न करणारी साधनं लागतात. स्मार्टडीब्लर किंवा टोपाझची साधनं त्या जातीची. त्यांना पूर्ण फोटो देण्याऐवजी जिथे स्पष्ट कडा आहेत असा भाग नमुना म्हणून निवडता येत असेल तर तो निवडा. सपाट भिंत निवडली तर साधन दाण्यांनाच हललेल्या कडा समजतं.

### लेन्सवर तेलकट डाग असेल

यात तपशील बहुधा शाबूत असतो, फक्त झाकलेला असतो. त्यामुळे हा सगळ्यात सोपा रुग्ण. अनशार्प मास्क उलट्या पद्धतीने वापरा: रेडियस मोठं, ४० ते ६०, आणि अमाउंट अगदी कमी, गिंपमध्ये ०.१५ ते ०.२५, फोटोशॉपमध्ये १५ ते २५ टक्के. धुकं उतरतं, कडांना पांढरेपणा येत नाही. फोटोशॉपच्या कॅमेरा रॉमधलं डीहेझ किंवा डार्कटेबलचं हेझ रिमूव्हलही चालेल, पण त्याने रंग भडकतात. हळदीच्या फोटोत तर पिवळा लगेच हाताबाहेर जातो.

### चौकोन पडले असतील

आधी चौकोन मऊ करा, मग धार. गिंपमधलं ‘सिलेक्टिव्ह गॉशियन ब्लर’ कमी फरकाच्या जागा सपाट करतं आणि मोठ्या कडा सोडून देतं, तेच इथे हवं. त्यानंतर रेडियस १ च्या आत ठेवून हलका अनशार्प मास्क. जास्त गेलात की चौकोनांच्या भिंती पुन्हा उभ्या राहतात.

### चारही प्रकारांत: मास्क

धार पूर्ण फोटोला लागायला नको. उपचार केलेल्या लेयरला काळा मास्क (लेयरचा कोणता भाग दिसावा ते ठरवणारा पडदा: काळा झाकतो, पांढरा उघडतो) लावा आणि मऊ पांढऱ्या ब्रशने फक्त डोळे, भुवया, ओठांची कड, केस, दागिने, साडीचा काठ उघडा करा. गाल, कपाळ, मागची भिंत तशीच राहू द्या. माणूस चेहऱ्यात डोळे बघतो. डोळे स्पष्ट असले की बाकीचा मऊपणा त्याला खुपत नाही. कॅमेरा रॉ वापरत असाल तर शार्पनिंगमधल्या ‘मास्किंग’ची पट्टी ऑल्ट दाबून ओढा. पांढऱ्या दिसणाऱ्या भागालाच धार लागणार असते.

लेयरचा मोड ‘ल्युमिनॉसिटी’ ठेवा. गिंपमध्ये ‘एलसीएच लाइटनेस’. धार फक्त उजेडावर लागते आणि कडांना जांभळी-हिरवी झाक येत नाही.

तपासणी: लेयरचं डोळ्याचं चिन्ह बंद-चालू करा. फरक दिसला पाहिजे, पण कुठे काय केलं ते पहिल्या नजरेत ओळखू येता कामा नये. गडद कडेला चिकटून पांढरी रेघ दिसत असेल तर ओपॅसिटी खाली आणा.

## ७. एआय: कुठे वापरायचं, कुठे अजिबात नाही

वरची सगळी साधनं फोटोत असलेल्याच माहितीची फेरमांडणी करतात. एआय वेगळं काम करतं. लाखो फोटोंवरून शिकलेल्या सवयीने ते ‘इथे काय असायला हवं’ याचा अंदाज बांधतं आणि तो रंगवतं. झाडाची पानं, दगडी भिंत, मंदिराचा कळस यांत तो अंदाज खपून जातो. चेहऱ्यात खपत नाही.

२०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांच्या ‘पल्स’ या प्रारूपाला बराक ओबामांचा अगदी कमी पिक्सेलचा फोटो दिल्यावर त्यातून एका गोऱ्या माणसाचा स्पष्ट चेहरा बाहेर आला. तेव्हापासून साधनं सुधारली, पण काम करण्याची रीत तीच आहे. आपल्या घरच्या फोटोंत काय होतं ते बघा: कपाळावरचं गोंदण डाग समजून पुसलं जातं, नथीचे मोती नाकाला चिकटलेला गोळा होतात, मंगळसूत्राचे मणी एकमेकांत मिसळून काळी दोरी होते, आजीच्या सुरकुत्या जाऊन ती आपल्या धाकट्या बहिणीसारखी दिसायला लागते. फोटो ‘एचडी’ झाला म्हणून घरचे खूश होतात. मग कुणीतरी म्हणतं, ‘अगं, ही आई वाटतच नाही.’

वापरायचंच असेल तर असं वापरा:

१. ‘अपस्केल’ (Upscayl) नावाच्या सॉफ्टवेअरसारखं साधन घ्या. ते फुकट आहे, संगणकावरच चालतं आणि फोटो कुणाच्या सर्व्हरवर जात नाही. त्याला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं. ऑनलाइन साइटवर घरच्या मुलाबाळांचे फोटो टाकण्याआधी दोनदा विचार करा.
२. चेहरा सुधारण्याचा वेगळा पर्याय, म्हणजे ‘फेस रिकव्हरी’, ‘फेस एन्हान्स’ वगैरे, आधी बंद ठेवून पाहा. बऱ्याचदा तेवढंच पुरतं.
३. निघालेली प्रत दुप्पट किंवा चौपट मोठी असते. तुमचा सहाव्या भागात तयार झालेला फोटो त्याच मापावर नेऊन खाली ठेवा आणि एआयची प्रत वरचा लेयर म्हणून बसवा.
४. वरच्या लेयरची ओपॅसिटी ४० ते ६० टक्क्यांवर आणा. कपडे आणि पार्श्वभूमीवर जास्त, चेहऱ्यावर कमी, हे मास्कने ठरवा. डोळ्यांची ठेवण, दात आणि कान इथे एआय सगळ्यात जास्त चुकतं.
५. त्या माणसाचा दुसरा कुठलाही फोटो शेजारी उघडून ताडून पाहा. मग ज्याने त्या व्यक्तीला जवळून पाहिलं आहे त्याला दाखवा, आणि ‘चांगला झालाय का’ असं न विचारता ‘ह्या कोण?’ असं विचारा.

सावधान: कागदपत्रांवर एआय चालवू नका. सातबारा, जुनं खरेदीखत, मोडीतलं पत्र, गाडीची नंबरप्लेट, कशावरच नाही. धूसर अक्षराच्या जागी ते खरं वाटणारं दुसरं अक्षर काढून ठेवू शकतं, आणि देवनागरीत ८ चा ६ झाला तर गट नंबरच बदलतो. कागदाचा फोटो धूसर असेल तर कागदाचा पुन्हा फोटो काढा. कागद हाताशी नसेल तर कॉन्ट्रास्ट वाढवून जेवढं वाचता येईल तेवढंच वाचलं असं समजा.

## ८. उजेड आणि रंग

इथे थोडक्यात. लेव्हल्स किंवा कर्व्ह्ज उघडून सगळ्यात काळी जागा खरोखर काळी आणि सगळ्यात पांढरी जवळजवळ पांढरी करा. धूसर वाटणारे कितीतरी फोटो एवढ्यानेच उठतात. कॉन्ट्रास्ट वाढला की धारही वाढल्यासारखी वाटते. म्हणूनच अंतिम धार या पायरीनंतर ठेवली आहे. जुन्या पिवळट फोटोत एखादी पांढरी गोष्ट, टोपी किंवा धोतर, शोधून त्यावरून रंग जुळवा. पूर्ण पांढरंशुभ्र मात्र करू नका. जुन्या फोटोला थोडा जुनेपणा शोभतो.

## ९. अंतिम माप आणि शेवटची धार

आता सरळ करा, क्रॉप करा आणि लेयर एकत्र करून नव्या नावाने प्रत काढा. मग माप द्या:

- ४ × ६ इंच: १२०० × १८०० पिक्सेल
- ८ × १२ इंच: २४०० × ३६०० पिक्सेल
- १२ × १८ इंच: ३६०० × ५४०० पिक्सेल

पहिल्या दोनसाठी ३०० पीपीआय धरा. १२ × १८ भिंतीवर लागणार असेल तर २०० पीपीआयही, म्हणजे २४०० × ३६००, चालून जातं. खोटे पिक्सेल भरण्यापेक्षा ते बरं.

माप दिल्यानंतरच शेवटचा अनशार्प मास्क लावा. स्क्रीनवर बघायच्या फोटोला रेडियस ०.३ ते ०.५. प्रिंटला रेडियस १ ते १.५, फोटोशॉपमध्ये अमाउंट ६० ते ९०, थ्रेशोल्ड (किती फरक असलेल्या कडांनाच धार लागावी ती मर्यादा) ३-४. मॅट कागद शाई थोडी पसरवतो, त्याला किंचित जास्त धार द्या, ग्लॉसीला कमी. प्रिंटसाठीचा फोटो १०० टक्के झूमवर थोडा बोचरा वाटला पाहिजे आणि ५० टक्क्यांवर बरोबर.

एकाच फोटोची फ्रेम आणि स्टेटस दोन्ही हवं असेल तर धार न लावलेल्या प्रतीपासून दोन वेगळ्या फाइली काढा. प्रिंटची फाइल लहान करून स्टेटसला टाकली की ती कर्कश दिसते.

## १०. सेव्ह आणि प्रिंट

लेयर असलेली एक्ससीएफ किंवा पीएसडी ठेवून द्या. लॅबसाठी जेपेग काढा: गुणवत्ता ९२ ते ९५, रंग एसआरजीबी (नेहमीच्या वापरातली रंगांची पद्धत). पेनड्राइव्हवर किंवा ईमेलने द्या. एवढं सगळं करून शेवटी फोटो स्टुडिओला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणारे लोक आहेत, म्हणून लिहितोय.

काउंटरवर दोन गोष्टी स्पष्ट सांगा: ‘करेक्शन करू नका’ आणि ‘चेहरा स्मूथ करू नका’. बऱ्याच ठिकाणी हे न विचारता केलं जातं, आणि सहाव्या भागात जपलेल्या सुरकुत्या काउंटरवर दोन क्लिकमध्ये जातात.

मोठी प्रिंट एकदम काढू नका. १२ × १८ च्या अंतिम फाइलमधून चेहऱ्याचा १२०० × १८०० पिक्सेलचा तुकडा कापा. फाइल ३०० पीपीआयची असेल तर तो तुकडा बरोबर ४ × ६ मध्ये बसतो आणि मोठ्या फ्रेममध्ये चेहरा किती स्पष्ट येणार ते थोडक्या पैशांत कळतं. २०० ची असेल तर ८०० × १२०० चा तुकडा घ्या. कागद मोठ्या प्रिंटला वापरणार तोच घ्या. तो तुकडा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहून निर्णय घेऊ नका. घरी आणा, दिवसा खिडकीपाशी धरा आणि फ्रेम जिथे लागणार तेवढ्या अंतरावरून बघा. पांढरी कड दिसली तर नवव्या भागातली धार निम्मी करा, चेहरा मेणाचा वाटला तर सातव्या भागातली ओपॅसिटी खाली आणा, आणि सगळं ठीक वाटलं तर मोठ्या प्रिंटची ऑर्डर द्या.